निर्णय कुणाचा? फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाची पंचाहत्तर वर्षे

१९४९ साली मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा संततिनियमन हा विषय या शहराला नवा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा संततिनियमनाचा दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांना १९२५ साली विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतल्या १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. पत्नी मालतीबाईंच्या साथीने, पदरचे पैसे घालून, कर्वे अखेरपर्यंत मासिक काढत राहिले. मूल कधी व्हावे आणि मुळात व्हावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बाईचा आहे, हे त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिले. असोसिएशनचा इतिहास लिहिताना सुरुवात कर्व्यांपासून करायची ती याच कारणाने. त्यांनी जे पहिल्याच दिवशी धरले होते, तिथपर्यंत यायला संस्थेला, सरकारला आणि न्यायालयांना पुढची कित्येक वर्षे लागली.

प्रश्न राजकीय होता, हेही मुंबईने आधीच पाहिले होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव आला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत, अशी त्यात मागणी होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला; भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. गरिबी आणि बाळंतपणात खंगून जाणारी बाईची प्रकृती यांची त्यात सविस्तर चर्चा होती. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२. नैतिकतेचा, धर्माचा आणि ब्रह्मचर्याचा हवाला देणाऱ्यांचा तो काळ. १९३५च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या आणि त्यांना कृत्रिम साधनांच्या बाजूने वळवू शकल्या नव्हत्या. त्या मानाने बायकांच्या संघटना पुष्कळ पुढे होत्या. सँगर वर्ध्याहून त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनाला गेल्या आणि तिथे संततिनियमनाच्या बाजूने ठराव झाला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८पासून वीस वर्षे हे काम केले, आणि पुढे विधान परिषदेत व राज्यसभेतही हाच विषय लावून धरला.

असोसिएशनच्या पहिल्या अध्यक्ष धन्वंती रामा राव या महिला परिषदेतूनच आलेल्या. जन्म हुबळीचा, घराणे काश्मिरी पंडितांचे, शिक्षण मद्रासचे. तिथल्या क्वीन मेरीज कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि बालविवाहाविरुद्धच्या मोहिमेतही त्या होत्या. पती बेनेगल रामा राव १९४९ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि घर मुंबईत आले. त्यांच्या जोडीला आवाबाई वाडिया उभ्या राहिल्या. आवाबाई १९१३ साली कोलंबोत एका पारशी कुटुंबात जन्मल्या. लंडनमध्ये त्या बॅरिस्टर झाल्या आणि महायुद्धाच्या काळात मुंबईला स्थायिक झाल्या. संततिनियमनाच्या कल्पनेने सुरुवातीला आपल्याला घृणाच वाटली होती, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. गरोदरपण, अंगावरचे दूध, पुन्हा गरोदरपण, आणि मग मरण, या फेऱ्याचे वर्णन एका स्त्री-डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचे मत फिरले. १९६३मध्ये त्यांनी असोसिएशनचे अध्यक्षपद घेतले आणि तीन दशकांहून अधिक काळ सांभाळले.

संस्था तीन वर्षांची होते न होते तोच तिने मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. १९५२च्या नोव्हेंबरात देशोदेशीचे डॉक्टर आणि कार्यकर्ते इथे जमले, मार्गारेट सँगरही आल्या. याच परिषदेत इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशनचा जन्म झाला. भारत, ब्रिटन, अमेरिका, स्वीडन, हॉलंड, जर्मनी, हाँगकाँग आणि सिंगापूर अशा आठ ठिकाणच्या संघटना संस्थापक सभासद होत्या. सँगर आणि धन्वंतीबाई मानद अध्यक्ष झाल्या. जगभर पसरलेल्या या महासंघाचे जन्मगाव मुंबई आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच सुमारास पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. सरकार या कामात उतरले खरे, पण कचरत. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीविचाराच्या होत्या, त्यांना साधने मान्य नव्हती. मान्य होती ती फक्त दिवस पाळण्याची पद्धत. ती शिकवायला जागतिक आरोग्य संघटनेतर्फे अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन आले. अशिक्षित बाईला दिवस मोजता यावेत म्हणून त्यांनी २८ मण्यांची माळ बनवली. हिरवा मणी निर्धोक दिवसाचा, लाल मणी जपण्याचा. रोज एक मणी सरकवायचा. दिल्लीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरमला तिचा प्रयोग झाला. रात्री अंधारात रंग दिसेनात, म्हणून मण्यांचे आकार बदलले. माळ गळ्यात घातली की घरादाराला कळते, म्हणून बायका ती घालायला लाजत. काहींना ती मंतरलेली वाटली. माळ जवळ असली की झाले, मणी सरकवायचे कशाला? आणि बाईने सगळे मणी अगदी चोख सरकवले तरी लाल मण्याच्या दिवशी नवऱ्याला ‘नको’ म्हणण्याची सोय त्या माळेत नव्हती. प्रयोग फसला यात नवल नाही. त्याच्याकडे बायकांच्या अडाणीपणाची गोष्ट म्हणून पाहिले गेले, हे मात्र मला आजही खटकते.

इथे संस्थेबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण पंचाहत्तरीची स्मरणिका म्हणजे गौरवग्रंथच असे मानायचे कारण नाही. पन्नास-साठच्या दशकांत कुटुंबनियोजनाची सारी भाषा लोकसंख्येची होती. देशात अन्न किती, तोंडे किती, जन्मदर किती, याचे हिशेब. असोसिएशनही तीच भाषा बोलत होती. सरकारकडून आणि परदेशातून मदत याच भाषेला मिळायची, आणि दवाखाने चालवायला पैसा लागतो, हे खरेच. दवाखान्यात येणाऱ्या बाईला तिथे पाळणा लांबवण्याचा सल्ला मिळे, तपासणी होई, तिचे ऐकून घेतले जाई. या कामाचे मोल कमी नाही. पण देशाला किती मुले हवीत हा प्रश्न एकदा पहिला मानला, की बाईला काय हवे हा प्रश्न आपोआप दुसरा होतो. पुढे जे झाले त्याची बीजे या क्रमात होती.

गर्भपाताचा कायदाही याच दारातून आत आला. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१२पासून पुढे गर्भपात हा गुन्हा होता. तीन वर्षे कैद, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षे, आणि गुन्हेगारांत ती बाई स्वतःही धरलेली. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात तेवढा अपवाद. पण म्हणून गर्भपात थांबले नव्हते. सुईणी होत्या, चित्रकाची मुळी होती, काड्या होत्या; विधवा, सोडलेल्या, आणि ज्यांना आठवे-नववे बाळंतपण झेपणार नव्हते अशा चारचौघींसारख्या संसारी बायका होत्या. धनुर्वात होऊन, रक्त जाऊन त्या मरत आणि घरचे लोक दुसरेच कारण सांगत. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. १९६६च्या अखेरीस आलेल्या तिच्या अहवालाचा अंदाज असा होता, की ५० कोटी लोकसंख्येमागे देशात वर्षाला ३९ लाख गर्भपात मुद्दाम केले जातात. कायद्याच्या पुस्तकात तेवढेच गुन्हे, आणि न्यायालयात जवळजवळ कुणीच नाही.

१९६९ साली विधेयक राज्यसभेत आले, १९७१च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२पासून तो लागू झाला. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा रो विरुद्ध वेड हा निकाल यायला तेव्हा अजून दहा महिने होते. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, त्यापुढे वीस आठवड्यांपर्यंत दोघांचे. बाईच्या शरीराला किंवा मनाला गंभीर अपाय होण्याचा धोका, बलात्कार, गर्भातले व्यंग, आणि विवाहितेच्या बाबतीत गर्भनिरोधक साधन फसणे, ही कारणे. जगाच्या त्या वेळच्या मानाने कायदा उदार होता. अमेरिकेत दवाखान्यांवर बॉम्ब पडले, डॉक्टरांना गोळ्या घातल्या गेल्या, दर निवडणुकीत हा प्रश्न पेटला. आपल्याकडे तसे काही न होता कायदा मंजूर झाला. याचे श्रेय शहा समितीला आणि त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांच्या तयारीला आहे. पण दुसरेही कारण आहे. लोकसंख्या आवरण्याच्या घाईत हा कायदा सोयीचा वाटला, आणि बाईचा हक्क म्हणून तो कुणी मागितला नव्हता, म्हणून हक्क म्हणून तो दिलाही गेला नाही. परवानगी डॉक्टरला मिळाली. अमुक परिस्थितीत गर्भपात केल्यास डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, एवढेच कायदा म्हणतो. बाईने मागितला म्हणून गर्भपात, असे त्यात कुठेच नाही.

तरी एका जागी या कायद्याने मोठी गोष्ट केली. संमतीपत्राचा नमुना म्हणजे ‘फॉर्म सी’. अर्ध्या पानाचा कागद. नाव, वय, पत्ता, गर्भपाताला माझी संमती आहे, तारीख, सही. सज्ञान बाईसाठी त्यावर दुसऱ्या कुणाच्या सहीची रेघच नाही. पालकाची सही लागते ती अल्पवयीन मुलीच्या किंवा मानसिक आजारी स्त्रीच्या बाबतीत. १९७२पासून हे असेच आहे. आणि तरी आजही किती रुग्णालयांत बाईला सांगितले जाते, ‘मालकांना घेऊन या, त्यांची सही लागेल.’ कुठे नवऱ्याची, कुठे सासूची, आणि कुठे गर्भपाताबरोबर नसबंदीचे ‘ऑपरेशन’ही करून घेण्याची अट. पिशवी साफ करून घ्यायला आलेली बाई मग गुपचूप घरी परतते आणि दुसरी वाट शोधते. पदरचे नियम दवाखान्यांनी घातले, दोष मात्र कायद्यावर ढकलला. आपल्या दवाखान्यांत समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा कागद हजारो बायकांना वाचून दाखवला आहे. असोसिएशनच्या कामातले हे सर्वांत कमी दिसणारे आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम.

१९७५ साली आणीबाणी आली आणि कुटुंबनियोजनाच्या भाषेतला दोष उघड्यावर पडला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मास्तरांना, तलाठ्यांना, ग्रामसेवकांना ‘केसेस’ आणायचे उद्दिष्ट. पगार, रेशन, परवाने त्यावर टांगलेले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा गरिबांवर, दलितांवर, मुसलमानांवर त्याचा भार सर्वाधिक पडला. महाराष्ट्राने तर १९७६मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत केले. तीन मुलांनंतर नसबंदी कायद्याने बंधनकारक करणारे देशातले ते पहिले विधेयक; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. फुले, आगरकर, कर्वे यांच्या राज्यात हे घडले, हे आपण विसरू नये. आवाबाई वाडियांनी सक्तीचा निषेध केला. कुटुंबनियोजन स्वेच्छेनेच व्हायला हवे, जबरदस्तीने नाही, ही भूमिका त्यांनी मांडली. ज्या चळवळीला आपण जवळजवळ तीस वर्षे दिली तिच्याच नावाने चाललेल्या अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे नसते. १९७७च्या निवडणुकीत सरकार गेले, कुटुंबनियोजनाचे ‘कुटुंबकल्याण’ झाले. पण नसबंदीचे ओझे तेवढ्याने हलले नाही. पुरुषांवरून उतरले आणि बायकांच्या पोटावर चढले. त्यानंतरच्या शिबिरांत टाके पडले ते बहुतांशी बायकांनाच.

त्याच दशकातला एक चांगला वारसाही नोंदवायला हवा. १९७४ साली डॉ. महिंदर वत्स असोसिएशनचे सल्लागार होते. लैंगिक शिक्षण आणि समुपदेशन हे संस्थेचे काम असले पाहिजे, हा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि संस्थेने तो स्वीकारला. नुसत्या ‘दोन किंवा तीन पुरे’च्या पलीकडे जाऊन माणसांना शरीराबद्दल विचारायची जागा मिळाली. २००७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला तेव्हा ती जागा किती गरजेची होती हे पुन्हा कळले.

संस्थेच्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत ताठ मानेने सांगण्यासारखा प्रसंग १९८४चा. आवाबाई त्या वेळी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्ष होत्या. १९८३ ते १९८९ हा त्यांचा काळ. १९८४च्या ऑगस्टमध्ये मेक्सिको सिटीत जागतिक लोकसंख्या परिषद भरली. तिथे रेगन सरकारने जाहीर केले, की जी परदेशी संस्था गर्भपाताची सेवा देईल किंवा त्याचा पुरस्कार करेल तिला अमेरिकेची कुटुंबनियोजनाची मदत मिळणार नाही. अमेरिकेचा पैसा गर्भपाताला वापरला नाही, स्वतःचा वापरला, तरीही नाही. त्या देशात गर्भपात कायदेशीर असला, तरीही नाही. भारतात तो बारा वर्षांपासून कायदेशीर होता आणि असोसिएशन आपल्या दवाखान्यांत ती सेवा देत होती. आपल्या संसदेने भारतीय बाईला जे दिले ते देण्याबद्दल मुंबईतल्या संस्थेला वॉशिंग्टनने दंड करावा, असा हा मामला. महासंघासमोर वाट सोपी होती: भारतासारख्या सभासद संघटनांना सेवा बंद करायला सांगायचे आणि पैसे घ्यायचे. महासंघाने ते केले नाही. १ कोटी ७० लाख डॉलरवर पाणी सोडले. त्या पैशांत तांब्या, गोळ्या, नर्सेसचे पगार, खेड्यापाड्यांतली केंद्रे होती. त्यामुळे निर्णयाची झळ कुणाला बसणार हे आवाबाईंना पुरते ठाऊक होते. तरीही तो घेतला गेला. हा अमेरिकी नियम नंतर डेमोक्रॅटिक अध्यक्षाने उठवायचा आणि रिपब्लिकन अध्यक्षाने पुन्हा लावायचा, असे चालूच राहिले आहे. तिथल्या मतपेटीचा परिणाम इथल्या दवाखान्यात येणाऱ्या बाईवर होतो तो असा. २००५ साली आवाबाई गेल्या.

ऐंशीच्या दशकात घरचाच एक अवघड प्रश्न उभा राहिला. गर्भजलपरीक्षा मुंबईत गल्लोगल्ली पोचली आणि मुलीचे गर्भ पाडले जाऊ लागले. मुंबईतल्या स्त्री-संघटनांच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रात लिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा झाला, १९९४ साली केंद्राचा. तरी राज्यातले सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असे उतरत गेले. बीड जिल्ह्यात ते ८०७वर आले. संताप योग्यच होता. पण २०१२नंतर कारवाईचा रोख सोनोग्राफीवरून सरकून गर्भपाताच्या गोळ्यांवर आला. कटकट नको म्हणून राज्यातल्या औषध-दुकानदारांनी त्या ठेवणेच बंद केले. या गोळ्या कायद्याने पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत घ्यायच्या. सोनोग्राफीत लिंग कळते त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी. म्हणजे गोळी मागणाऱ्या बाईला आपल्या पोटात मुलगा आहे की मुलगी, हे ठाऊक असणेच शक्य नसते. तरी संशय तिच्यावर. ‘गर्भपात हे पाप’ अशी भित्तिपत्रके सरकारी दवाखान्यांत लागली आणि कायदेशीर गर्भपातासाठी आलेली बाई ती वाचून घाबरू लागली. लिंगनिदानाला विरोध आणि गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दमात बोलणे आपल्या कार्यकर्त्यांना तेव्हापासून रोज करावे लागते. ते तसेच करत राहायला हवे. कारण चोरून होणारे काम थांबलेले नाही: २०१५ सालच्या अभ्यासानुसार देशात वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात होतात आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी.

कायदा मात्र गेल्या काही वर्षांत हलला. २००८ साली मुंबईतल्या एका दांपत्याने गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे वीस आठवड्यांनंतर कळल्यावर डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात धाव घेतली. परवानगी मिळाली नाही, पण मर्यादेचा प्रश्न देशापुढे आला. २०२१च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर नेली आणि ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आणले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अविवाहित स्त्रीला विवाहितेपेक्षा वेगळे वागवता येणार नाही, आणि या कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कारही बलात्कारच. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत रो विरुद्ध वेड रद्द झाला होता. चोवीस आठवड्यांपुढच्या बाईला मात्र अजूनही वैद्यकीय मंडळापुढे आणि पुष्कळदा न्यायालयापुढे उभे राहावे लागते, आणि तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ८८व्या कलमात १८६०चे कलम ३१२ जवळजवळ जसेच्या तसे आले आहे, आणि स्वतःचा गर्भपात घडवून आणणारी स्त्री त्यात आजही गुन्हेगार आहे. संस्थेच्या पंचाहत्तराव्या वर्षी पुढच्या कामांची यादी करायची, तर ते एक वाक्य कायद्यातून काढून टाकण्याची मागणी मी सर्वांत वर लिहीन. तिच्याखाली दोन कामे: बाईच्या सांगण्यावरून, निदान पहिल्या बारा आठवड्यांत, कारण न विचारता गर्भपाताची सोय, आणि राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘फॉर्म सी’ भिंतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरांत.